थीम पार्कला घरचा डबा: सातारा-सांगलीहून निघणाऱ्यांसाठी

डब्यात काय भरायचे हे ठरवण्याआधी तो कुठे उघडता येईल हे ठरवावे लागते. आपल्याकडची बहुतेक मोठी थीम पार्क आणि वॉटर पार्क बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाचा नियमही असाच आहे. पहाटे उठून केलेला स्वयंपाक मग गेटवर अडतो, परत गाडीत जातो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच आंबतो. त्यात चूक स्वयंपाकाची नसते, डबा चुकीच्या जागेसाठी बांधलेला असतो.

गेटवर वाद घालून उपयोग नाही. सिनेमागृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी सांगितले की बाहेरचे खाणे आणू न देण्याची अट मालक घालू शकतो. मात्र पिण्याचे पाणी मोफत द्यावे आणि लहान बाळासाठी आईवडिलांना गरजेपुरते खाणे आणू द्यावे. निकाल सिनेमागृहांपुरता आहे, पण खासगी जागेत अटी कोण घालतो याचा अंदाज त्यातून येतो. तेव्हा जी काही विचारपूस करायची ती आदल्या आठवड्यात फोनवर करा, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. बाळाचे खाणे आणि औषधे चालतात का? रिकामी बाटली नेता येते का, आणि आत पाणी भरायची सोय कुठे आहे? दुपारी बाहेर येऊन पुन्हा आत जाता येते का? पार्किंगमध्ये सावली आहे का आणि तिथे बसून खाल्लेले चालते का? मधुमेह असलेल्या माणसासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते का? यातला पुन्हा आत जाण्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दुपारचे जेवण घरचे की विकतचे, हे त्या एका उत्तरावर ठरते.

उत्तरे मिळाली की खाण्याच्या तीन वेगवेगळ्या पिशव्या करा: रस्त्यात खायची, गाडीत ठेवून जायची आणि आत न्यायची. एकाच मोठ्या पिशवीत सगळे कोंबले की सकाळचे काढताना दुपारचे गरम हवेत उघडे पडते आणि आत न्यायची औषधे डब्यांच्या तळाशी सापडतात.

रस्ता आणि पहिले खाणे

साताऱ्याहून खोपोली साधारण १९०-२०० किलोमीटर. पहाटे पाचला निघालात तर पुण्याच्या बाहेरून वाकडपर्यंतची गर्दी वाढायच्या आत पुढे जाता येते. सांगलीहून आष्टा, पेठ नाका, कराड करत अंतर तीनशेच्या वर जाते. तिथून त्याच दिवशी जाऊन-येऊन करणे लहान मुलांना झेपत नाही. आदल्या दिवशी निघून पुण्यात किंवा खोपोलीकडे मुक्काम करावा हे बरे, आणि मुक्काम असेल तर डब्याचा हिशोब एका दिवसाऐवजी दोन दिवसांचा होतो. अशा वेळी ओले पदार्थ घरून नेऊच नका, सगळा भर कोरड्यावर ठेवा.

पोटभर नाश्ता निघताना देऊ नका. मुले झोपेतून उठलेली असतात, गाडीत पुन्हा पेंगतात आणि लोणावळ्याच्या पुढे घाट उतरताना ओकतात. निघताना अर्धा कप दूध किंवा चहा आणि एखादे बिस्कीट पुरे. शिरवळच्या आसपास एक केळे किंवा मूठभर भडंग. खरा नाश्ता घाट उतरून, पार्क उघडायच्या तासभर आधी. एक्स्प्रेसवेच्या कडेला गाडी लावून डबा उघडणे धोक्याचे आहे आणि नियमातही बसत नाही. फूड मॉलच्या पार्किंगमध्ये थांबा, नाहीतर खोपोलीला बाहेर पडल्यावर पार्कच्या पार्किंगमध्येच खा. घाटात माकडे असतील तिथे गाडीची काच उघडून खाऊ नका.

खाऊन लगेच उलटे-सुलटे फिरवणाऱ्या राइडवर बसू नये. पाऊण-एक तास जाऊ द्यावा. पोट अगदी रिकामे ठेवल्यानेही मळमळतेच, त्यामुळे "राइडनंतर खाऊ" म्हणत मुलांना उपाशी रांगेत उभे करू नका.

दशमी का, पुरी का नको

सहलीला तिखटमिठाच्या पुऱ्या हे ठरलेलेच असते. पण तळणाने तहान वाढते, तेल पचायला जड जाते आणि राइडवर तेच वर येते. या सहलीसाठी दशमी जास्त चांगली. दुधात भिजवलेली असल्याने गार झाली तरी मऊ राहते, नुसती खाल्ली तरी कोरडी लागत नाही, आणि हात फार तेलकट होत नाहीत.

चौघांसाठी चार वाट्या कणीक (साधारण अर्धा किलो) घ्या. त्यात एक चहाचा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल नीट चोळून घ्या आणि मग गार दूध लागेल तसे घाला. पावणेदोन वाट्यांच्या आसपास लागते. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. वीस मिनिटे झाकून ठेवा, पंधरा-सोळा गोळे करा, पोळीपेक्षा जाड लाटा आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. आच मोठी ठेवली तर दुधातल्या साखरेने वरून डाग लवकर पडतात आणि कडा कच्च्या राहतात. ही कच्ची कडच आधी आंबते. गोड दशमी हवी असेल तर गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून मग दुधात मिसळा. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटते.

भाजलेली दशमी थेट डब्यात टाकणे ही नेहमीची चूक. वाफेचे पाणी झाकणाला लागते, खाली टपकते आणि सगळ्यात वरच्या दोन दशम्या चिकट होतात. जाळीवर किंवा सुती कापडावर सुट्या पसरून पूर्ण गार करा, वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मग कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा. फॉइलमध्ये गरम गुंडाळली तरी हेच पाणी सुटते. अशी बांधलेली दशमी उन्हाळ्यातही त्या दिवशी रात्रीपर्यंत चांगली राहते.

सोबत शेंगदाण्याची चटणी. दोन वाट्या भाजून सोललेले दाणे, दहा-बारा लसणीच्या पाकळ्या, दोन चमचे तिखट, एक चमचा जिरे, चवीला मीठ. खलबत्त्यात कुटली तर उत्तम. मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा, सलग फिरवली तर तेल सुटून गोळा होतो. पाण्याचा हात लागू देऊ नका. खर्डा न्यायचा तर मिरच्या तेलावर नीट परतून, पाणी न घालता केलेला.

थालीपीठ आणि धपाटे चालतात, पण कांदा न घालता. चिरलेल्या कांद्याला पाणी सुटते आणि दुपारपर्यंत वास यायला लागतो. मेथीचे धपाटे करायचे तर चिरलेल्या मेथीला मीठ लावून दहा मिनिटांनी पिळून घ्या आणि ते पाणी पीठ भिजवायला वापरा.

गाडीत राहणारे खाणे

उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत, बाहेर ३५ अंश असताना, तासाभरात ५० अंशांच्या वर तापमान जाते. त्यामुळे "गाडीत आहे, सुरक्षित आहे" हा समज सोडून द्या. शिजवलेले ओलसर अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. याचा सरळ अर्थ असा की पोहे, उपमा, इडली, बटाट्याची भाजी हे घरून भरून दुपारी खायचे पदार्थ नाहीत. भाताला तर जास्तच जपावे. तांदळातल्या बॅसिलस सिरियस जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि उलट्या होतील असे विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. दहीभात हवाच असेल तर आइस बॉक्समध्ये, नाहीतर नको. खोबऱ्याची चटणी, पनीर, मेयोनीज लावलेले सँडविच, क्रीमचा केक, उकडलेली अंडी यांनाही हाच नियम.

हाताने वळायचे, भरायचे पदार्थ करणाऱ्याच्या बोटाला जखम असेल तर दुसऱ्या कुणाला करायला सांगा. जखमेतले जंतू अन्नात जाऊन तसेच विष सोडतात आणि काही तासांतच उलट्या सुरू होतात. प्रवासात हे झाले की दिवस संपला.

आइस बॉक्स भरायची पद्धत मात्र नीट पाळावी लागते. दहा-बारा लिटरच्या डब्याला एक लिटरच्या दोन बाटल्या बर्फाच्या लागतात. बाटल्या पाऊणच भरा, कारण पाण्याचा बर्फ होताना आकार सुमारे नऊ टक्के वाढतो आणि तोंडापर्यंत भरलेली बाटली फुटते. आदल्या दिवशी सकाळीच फ्रीझरमध्ये ठेवा. रात्री ठेवलेल्या बाटलीत पहाटे मधोमध पाणीच असते. आत ठेवायचे पदार्थही आधी फ्रीजमध्ये पूर्ण गार झालेले हवेत, कोमट डबा ठेवला तर निम्मा बर्फ त्यालाच गार करण्यात जातो. बाटल्या वर ठेवा, कारण गार हवा खाली उतरते. बॉक्स डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी ठेवा आणि वर जाड गोधडी टाका. बॉक्स वारंवार उघडू नका. पाण्यासाठी वेगळी पिशवी ठेवा, नाहीतर प्रत्येक तहानेला झाकण उघडते. बर्फ विरघळला की तेच पाणी परतीला प्यायला गार मिळते. दुपारी बॉक्स उघडल्यावर बाटलीत बर्फाचा तुकडा उरलेला नसेल, तर आतले दहीताक आणि भाजी खाऊ नका. वास बरा येतो म्हणून खाणे चुकीचे. वास यायच्या आधीच अन्न बिघडलेले असते.

फळांत मोसंबी, पेरू, अख्खी काकडी. काकडी घरी कापून नेऊ नका. आणि सुरी गेटवर अडेल, ती गाडीतच ठेवा. केळी तापलेल्या गाडीत काळी पडतात, ती सकाळीच संपवा. द्राक्षांच्या दिवसांत सांगलीकर द्राक्षे नेणारच. ती आदल्या रात्री धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून, देठांसकट डब्यात ठेवा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे द्राक्ष देऊ नका, उभे चिरून चार तुकडे करून द्या. अख्खे शेंगदाणेही त्यांना नकोत. धावत्या गाडीत घशात अडकले तर वेळेवर काही करता येत नाही.

साताऱ्याचे कंदी पेढे भाजलेल्या खव्याचे असल्याने दुधाच्या इतर मिठायांपेक्षा टिकतात, पण तापलेल्या गाडीत तूप सोडून वास धरतात. न्यायचेच तर आइस बॉक्समध्ये.

भडंग

गाडीत दिवसभर राहून काही न होणारा पदार्थ म्हणजे भडंग, आणि तो घरी करणे अवघड नाही. चौघांना जायच्या-यायच्या प्रवासाला पाव किलो भडंगाचे जाड चुरमुरे पुरतात. ते आधी कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटे हलवून गरम करा. बोटात दाबल्यावर चुरा व्हायला हवा. बाजूला काढा. त्याच कढईत पाऊण वाटी तेल तापवून एक वाटी दाणे तळून काढा. मग पंधरा लसणीच्या पाकळ्या सालासकट ठेचून घाला आणि तांबूस, कुरकुरीत होऊ द्या. इथे घाई केली आणि लसूण ओला राहिला तर रात्रीपर्यंत सगळे भडंग सादळते. दोन काड्या कढीपत्ता घाला, तो तडतडून कडक झाला की गॅस बंद करा. हिंग आणि अर्धा चमचा हळद घाला, मिनिटभर थांबा आणि मगच दीड मोठा चमचा तिखट किंवा कांदा-लसूण मसाला, मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर घाला. तिखट कडकडीत तेलात पडले की करपते आणि सगळ्याला कडवट चव येते. आता चुरमुरे आणि दाणे घालून हलक्या हाताने खालीवर करा. अर्धा-पाऊण तास गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात खोपोलीकडे हवा फार दमट असते, तेव्हा एक मोठा डबा न नेता माणशी एक लहान डबी करा. उघडलेला डबा तासाभरात मऊ पडतो.

बरोबर तासगावचे बेदाणे शंभर ग्रॅम, राजगिऱ्याचे लाडू माणशी दोन. उपवास असणाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी टाळावी. गार झाली की वातड होते, आणि तीही ओलसर अन्नातच मोडते. राजगिरा लाडू, शेंगदाण्याचा लाडू, रताळ्याचे तळलेले काप आणि फळे यांवर दिवस निघतो.

आत न्यायची पिशवी

ही लहान आणि पारदर्शक असावी, म्हणजे तपासणी लवकर होते. बाळासाठी शिजवलेली खीर न नेता भाजलेल्या डाळ-तांदळाची किंवा नाचणीची पूड आणि थर्मासमध्ये उकळते पाणी न्या. लागेल तेव्हा तेवढेच कालवा, उरलेले टाकून द्या. कालवलेले दोन तासांनंतर देऊ नका. मधुमेह असणाऱ्याकडे साखर उतरली तर लगेच घेता येईल असे तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पुडीत असू द्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. ही पुडी लॉकरमध्ये न ठेवता त्या माणसाजवळच ठेवा. वॉटर पार्कमध्ये पुडी घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीत, कमरेच्या लहान पाऊचमध्ये.

काचेची बरणी नको. रिकाम्या बाटल्या मात्र प्रत्येकाची वेगळी, नाव घातलेली. उन्हाळ्यात प्रवास धरून मोठ्या माणसाला तीन लिटर आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दोन लिटर पाण्याचा हिशोब ठेवा. वॉटर पार्कमध्ये अंग ओले असल्याने तहान कळत नाही आणि संध्याकाळी डोके दुखते. ओआरएसची पाकिटे नेणे सोपे. नसतील तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त टाकणे मुलांना घातक आहे, म्हणून घरूनच मोजून पुड्या बांधा.

दुपारचे जेवण

पुन्हा आत जाता येत असेल तर जेवायला एकला बाहेर पडू नका. एक ते दोनच्या दरम्यान बरेच लोक जेवायला जातात आणि राइडच्या रांगा कमी होतात. तो वेळ राइडला द्या. साडेअकराला पाणी पिऊन घ्या आणि अडीचला गाडीकडे या. गेटपासून पार्किंग, हातपाय धुणे, जेवण, परत तपासणी असा सव्वा तास सहज जातो. हातावरचा शिक्का पाण्याने आणि सनस्क्रीनने पुसतो, त्या भागाला क्रीम लावू नका आणि तिकीट टाकून देऊ नका. आत आल्यावर आधी एखादा शो बघा.

पुन्हा आत सोडत नसतील तर सरळ एक जेवण आत विकत घ्या. त्यासाठी तिकीट काढतानाच जेवणासह मिळणाऱ्या पॅकेजचा दर आणि सुट्या जेवणाचा दर ताडून पाहा. सकाळ आणि रात्र घरची असली की चौघांचा बराचसा खर्च तिथेच वाचतो. खिशात लाडू लपवून नेण्याच्या फंदात पडू नका. ओल्या राइडवर त्याचा चिखल होतो आणि पकडले गेल्यावर मुलांसमोर मान खाली घालावी लागते.

शाळेची सहल असेल तर पार्कशी आधीच लेखी बोलणे करावे. गटासाठी जेवणाची वेगळी सोय आणि वेगळा दर बहुतेक ठिकाणी असतो. पन्नास मुलांना माणशी तीन दशम्या धरल्या तर दीडशे, म्हणजे पाच किलो कणीक. भडंग माणशी साठ ग्रॅमने तीन किलो. पाणी माणशी दोन लिटरने शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का हे पालकांना लेखी विचारा, कारण आपल्या चटणीत, भडंगात, लाडवात सगळीकडे शेंगदाणा आहे.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नियम तिथेही सगळीकडे सारखे नाहीत. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःचे खाणे आत नेता येते, पण ते गरम करावे लागणारे नको, काचेची भांडी नकोत आणि सुटा बर्फही नको. बर्फाऐवजी जेल पॅक न्यावे लागतात. टोकियो डिस्नेलँडमध्ये बाहेरचा डबा आत चालत नाही, मात्र गेटबाहेर डबा खायला जागा ठेवलेली आहे. म्हणजे दशमी-चटणी फ्लोरिडात आत जाईल आणि टोकियोत गेटबाहेर खावी लागेल.

परतीचे खाणे सकाळीच वेगळे काढून बांधा, नाहीतर दुपारी सगळे संपते आणि रात्री नऊला हॉटेल शोधत फिरावे लागते. माणशी दोन दशम्या, चटणी आणि एक लाडू एवढे पुरते. ओले कपडे बदलून, घाट चढून गेल्यावर, पुण्याच्या अलीकडे खा; चालवणाऱ्याने पोट जड करू नये, त्याच्यासाठी थर्मासमध्ये चहा ठेवा. गाडीत एक जाड कचऱ्याची पिशवी आणि एक ओला टॉवेल ठेवा. घरी पोचल्यावर आइस बॉक्समध्ये उरलेले ओले अन्न फ्रीजमध्ये ढकलू नका, टाकून द्या. कोरडे भडंग आणि लाडू उरले असतील तर ते दुसऱ्या दिवशी खुशाल खा. आइस बॉक्स साबणाने धुऊन, झाकण उघडे ठेवून रात्रभर वाळवा.